मागच्या रांगेतल्या बाटल्या

१

सोमवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हा कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती, खोकीही जिथल्या तिथे होती. फक्त बासष्ट बाटल्या नव्हत्या.

बाटल्या एचआयव्हीच्या औषधाच्या. एक बाटली म्हणजे एका माणसाचा एक महिना.

मोठ्या डॉक्टरांनी मला वर बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या चहाने साय धरली होती.

"तुमचं यंत्र साथीच्या तपासण्यांसाठी नेलंय ना?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे तुम्हाला वेळ आहे."

मी या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्तातले विषाणू मोजते. चोर शोधण्याचा अनुभव नाही. तसं मी म्हटलंही.

"पोलिसांना फोन केला होता," ते म्हणाले. "सगळे नाक्यांवर आहेत. म्हणाले, माणसं सांभाळू की बाटल्या? गुरुवारनंतर बघू."

"पण गुरुवारी तर..."

"गुरुवारी पुलापलीकडच्या एकतीस जणांचं औषध संपतं. माहीत आहे मला."

तापाच्या साथीमुळे शहर बंद होतं. रविवारी दुपारी बारापासून पूलही बंद झाला. पास असलेल्या गाड्या सोडल्या तर चिटपाखरूसुद्धा पलीकडे जात नव्हतं. डॉक्टरांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. आठवडाभर अर्ज करून त्याच सकाळी मिळालेली परवानगी होती ती. बुधवारी एक गाडी, एक फेरी.

"कपाटात उरलंय ते नवा साठा येईपर्यंत शहरातल्यांनाच जेमतेम पुरेल," ते म्हणाले. "त्यातलं पलीकडे पाठवलं तर इकडचे अडकतात, नाही पाठवलं तर तिकडचे. बुधवारी नऊ वाजता मला ठरवायचंय. त्या बासष्ट बाटल्या कुठे आहेत, ते त्याआधी सांगा."

हे औषध रोज चालू असलं की विषाणू दबून राहतो. थांबलं की उठतो. आणि अधूनमधून घेतलेल्या औषधात उठला, तर त्या औषधाला पुरून उरायला शिकतो. मग तेच औषध त्या माणसाला पुन्हा लागू पडेलच असं नाही. मी ते आकडे वर्षानुवर्षं बघत आले होते. डॉक्टरांना ते समजावण्याची गरज नव्हती.

"कपाट कोण सांभाळतं? काका?"

"त्याला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत," ते म्हणाले. "गंमत बघा, बाटल्या कमी आहेत हे त्यानेच येऊन सांगितलं. पण कोणावर संशय आहे, म्हटलं, तर तोंडातून चकार शब्द नाही."

२

काका म्हणजे आमचे फार्मासिस्ट. तोंडावर काका, पाठीमागे काटा. तराजूच्या काट्यासारखे, ना इकडे ना तिकडे. औषध एका दिवसाने आधी मागितलं तरी म्हणायचे, "उद्या या." आणि उद्या आलेल्याला दोन मिनिटंही ताटकळत ठेवायचे नाहीत.

औषधाच्या खोलीची आणि कपाटाची किल्ली एकाच कडीत, आणि ती कडी सिस्टरच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला.

"आधी त्यांच्या खिशातच असायची," सिस्टर म्हणाल्या. "साथ आली, आणि ऑक्सिजनची मीटरं ठेवायला त्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा घेतला. तेव्हापासून ही धर्मशाळा झालीय. कोणीही येतं, किल्ली घेतं, परत लटकवतं. आणि माझा कापूस बघा! शनिवारी नवीन गुंडाळा फोडला, आज टिचभर उरलाय. कापूस कोणी खातं का हो मॅडम?"

खोली शनिवारी दुपारी दोनला बंद झाली होती आणि सोमवारी साडेआठला उघडली. मधल्या पावणेदोन दिवसांत कोणीही येऊन जाऊ शकत होतं.

औषधाच्या खोलीत मी कपाटाआधी बेसिन बघितलं. ती सवयच. काम करणारा माणूस हात धुतोच, आणि बेसिन काही लपवत नाही. जाळीवर पांढरट लगदा अडकला होता. चिमट्याने उचलून कागदावर पसरला. चिकट कागदाचे तुकडे होते. एका तुकड्यावर औषधाच्या नावाची अडीच अक्षरं दिसत होती.

कोणीतरी बाटल्यांची लेबलं पाण्यात भिजवून काढली होती.

मी तिथेच स्टुलावर बसले. विकण्यासाठी चोरलेल्या औषधाचं लेबल कोणी काढत नाही. लेबल नसलेली बाटली कोण विकत घेणार? लेबल काढतात ते रुग्ण. शेजाऱ्यांनी वाचू नये, सासूने विचारू नये म्हणून. ज्याने कोणी हे केलं, त्याला ही बाटली कुणाच्या घरात कशी राहते ते माहीत होतं.

म्हणजे चोर आमच्यातलाच होता.

३

तापाच्या वॉर्डाचे तरुण डॉक्टर जिन्यात भेटले. तोंडावर मास्कचे वळ, डोळे तांबारलेले. आमच्या कपाटात एक कमी लागणारं औषध असतं, पहिलं लागू पडेनासं झालेल्यांसाठी. ते या तापावर चालतं अशी आवई उठली होती, आणि यांनी गेल्या आठवड्यात ते सगळंच्या सगळं लेखी मागितलं होतं.

"हो, हवं होतं. लपवत नाही," ते म्हणाले. "काल माझ्याकडे चार माणसं गेली, मॅडम. भिंत चाटून ताप उतरतो असं कोणी म्हटलं, तर मी भिंतही चाटवेन."

"त्याच्या तीन बाटल्या होत्या. दोन गेल्या."

ते हसले. हसायचं विसरलेल्या माणसासारखे. "मग तिसरी मी नमुन्याला ठेवली असं म्हणता का?"

मुद्दा बरोबर होता. शिवाय उरलेल्या साठ बाटल्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पलीकडच्या एकतीस जणांपैकी ते कमी लागणारं औषध घेणारी एकच व्यक्ती होती. तिला दोन महिन्यांसाठी दोन बाटल्या. बाकी तीस जणांना प्रत्येकी दोन, म्हणजे साठ. घेणाऱ्याने एकतीस माणसं डोळ्यांपुढे ठेवून बाटल्या उचलल्या होत्या.

समुपदेशनाच्या खोलीत ताई टेबलावरच्या फोनकडे रागाने बघत बसल्या होत्या. रुग्णांना धीर देणं हे त्यांचं काम, पण स्वतःचा धीर त्यांच्याजवळ कधी फार नसे.

"शुक्रवारी मी भांडले काकांशी. साऱ्या दवाखान्याने ऐकलं, तुम्हीही ऐकलं असेल."

"तुम्ही काय म्हणालात ते ऐकलं. ते काय म्हणाले?"

"त्यांचं ठरलेलं! एका वेळी एकच महिना, आणि तोही माणूस समोर उभा असेल तर. मी म्हटलं, अहो, पूल बंद होतोय, दोन-दोन महिन्यांचं देऊन टाका. तर म्हणे, वरून लेखी येऊ दे. शेवटी मी म्हटलं, तुम्ही नका देऊ, मीच कपाट फोडून घेऊन जाते." त्या थांबल्या. "बोलण्याच्या भरात म्हटलं हं. माझ्याकडून साधी बरणी उघडत नाही."

"मग तुम्ही पलीकडच्यांना काय सांगताय?"

"काय सांगणार? हा फोनच मेलाय! गेल्या आठवड्यात दिवसाला वीस-वीस फोन, 'ताई, औषधाचं काय, ताई, पूल खरंच बंद होणार का.' मी आपणहून करू शकत नाही, घरात कोण उचलेल सांगता येत नाही. आणि कालपासून पलीकडून एकही फोन नाही. फक्त त्या शिक्षिकाबाईंचा येतो, कमी लागणारं औषध घेणाऱ्या त्या एकट्या, तो कसा लागतो देव जाणे."

रुग्णवाहिका चालवणारे मामा अंगणात गाडी धूत होते. रोज दोनदा पूल ओलांडणारा आमच्यातला हा एकच माणूस.

"माझ्यावर येणारच होतं," ते म्हणाले. "पण पुलावर काय चालतं ते बघा एकदा. गाडीला दोन्ही बाजूंनी फवारतात, गादीखाली काठी घालतात. काल बहिणीसाठी दोन किलो बटाटे नेले, तर त्यांचीही जबानी झाली. बासष्ट बाटल्या कुठे लपवू? मिशीत?"

"सगळ्याच गाड्या अशा तपासतात?"

"दुधाची सोडून. सकाळी भरलेले डबे शहरात येतात, दुपारी रिकामे परत जातात. त्यांना हात लावायची बंदी. हात लागला तर गावभर बोंब होईल, दुधातून साथ आली म्हणून."

मी परत वर गेले. ताई जिथे होत्या तिथेच, फोनला नजरेने धाक घालत. मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला.

टेबलावरचा फोन खणखणीत वाजला.

४

ताई दचकल्या. मी दारातच उभी राहिले. फोन चांगला होता. मग औषध संपायला तीन दिवस उरलेली तीस माणसं रविवारपासून गप्प का?

सरळ उत्तर एकच होतं, त्यांना औषध मिळालं होतं. पण सरळ दिसतं म्हणून खरं मानायची मला सवय नाही. फोन न येणं हा पुरावा नसतो, फार तर अंदाज. त्या अंदाजावर तीस माणसांचं औषध सोडायचं?

मंगळवारी सकाळी मी पुन्हा कपाटापुढे उभी राहिले.

शनिवारी दुपारी नवीन खोकी आली होती. खालचा कप्पा मीटरांनी भरलेला, म्हणून ती वरच्या कप्प्यात पुढे रचली होती, अकरा खोकी, सीलबंद. जुन्या बाटल्या त्यांच्या मागे. सीलबंद अकराला कोणी नखही लावलेलं नव्हतं. गेलेल्या सगळ्या बाटल्या मागच्या रांगेतल्या होत्या.

मी स्वतः करून बघितलं. अकरा खोकी उतरवली, मागे हात घातला, पुन्हा तशीच रचली. तेवीस मिनिटं लागली आणि खांदा भरून आला. पुढचं एक खोकं फोडलं असतं तर दोन मिनिटांत काम होत होतं.

एवढा खटाटोप कशाला? मागच्या गेल्या तर लवकर कळणार नाही म्हणून? हा पर्याय मी धरून बघितला. पण मागच्या रांगेतही दोन थर होते. वरच्या थरातल्या बाटल्या आठ महिन्यांनी बाद होणाऱ्या, खालच्या पाच महिन्यांनी. गेल्या त्या खालच्या. वरचा थर बाजूला काढून, खालच्या घेऊन, वरच्या पुन्हा खाली नीट लावल्या होत्या. कमी लागणाऱ्या औषधाच्या तीन बाटल्यांपैकी गेलेल्या दोन कुठल्या, ते मी आवक-नोंदीशी ताडून बघितलं. तारीख आधी संपणाऱ्याच त्या दोन.

लपवणाऱ्याला तारखेशी काय करायचंय? तरुण डॉक्टर हाताला येईल ते घेऊन पळाले असते. ताईंनी पुढचं खोकं नखांनी ओरबाडलं असतं. मामांना बाटलीवर तारीख असते हेही माहीत नसणार.

आधी बाद होणारं आधी द्यायचं. ही सवय हातात भिनायला तीस वर्षं औषध वाटावं लागतं. माणूस नियम मोडायला निघाला होता आणि हातांनी मात्र नियम पाळला होता.

५

काकूंनी दार उघडलं. "या. घरात बसवलंय ना त्यांना, तर सकाळपासून साखरेच्या डब्यावरसुद्धा तारीख चिकटवलीय. लवकर कामावर घ्या हो, नाहीतर माझ्यावरही चिकटवतील."

काका खिडकीजवळ खुर्चीत ताठ बसले होते, कोणी तपासायला येणार असल्यासारखे.

मी सगळं सांगितलं. लेबलं, खालचा थर, ताईंचा गप्प फोन. ते ऐकत राहिले.

"कापसाचंही कळलं," मी म्हणाले. "बाटलीतल्या गोळ्या खुळखुळतात. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तर फारच, म्हणून कापूस."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाटल्या कमी आहेत हे तुम्हीच जाऊन का सांगितलंत? आठवडाभर कोणाला कळलं नसतं."

"कपाटात नाही ते आहे असं कसं लिहू?" ते म्हणाले. एवढंच.

मला कळेना, या माणसाला कसं बोलतं करावं. ते स्वतःसाठी गप्प नव्हते. बोलले असते तर कोणी नेलं हा प्रश्न आला असता, आणि जो नेतो त्याला त्या तीस जणांची घरं कशी माहीत, हा त्याच्या पुढचा. एका माणसाचं गुपित उघड्यावर पडलं असतं. त्यापेक्षा काकांनी नोकरी पणाला लावली होती.

मी उठले. शेवटचं जे उरलं होतं ते सांगणं भागच होतं. ते डाव म्हणून सांगितलं नाही. खरंच होतं म्हणून सांगितलं.

"काका, एकीला मिळालेलं नाही."

ते खुर्चीतून उभेच राहिले. "कोणाला?"

"शिक्षिकाबाईंना. त्यांचा फोन अजून येतोय."

मग बसले, आणि हळूहळू बोलायला लागले. "पलीकडचे तीस जण एकाच दिवशी येतात, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. सात-आठ वर्षं एका बाकावर बसून एकमेकांना ओळखतात. त्यांच्यातला एक जण... जाऊ दे. झाकणांवर मी फक्त कार्डाचे नंबर घातले होते. ज्याने त्याने आपला नंबर बघून उचलायचा. बाईंचा नंबरही त्यात होता. पण त्या एकट्या येतात, शुक्रवारी, तोंड बांधून. बाकावर कधी बसल्याच नाहीत." त्यांनी कपाळावर हात मारला. "त्यांना कोणी ओळखतच नाही. निरोप कोण देणार? पलीकडे एकतीस माणसं आहेत एवढं मी मोजलं, पण तीस एकमेकांना धरून आहेत आणि एक सुटी आहे, हे लक्षात आलं नाही."

"बाकी तिसांना नक्की मिळालंय? उद्या नऊ वाजता डॉक्टर ठरवणार आहेत."

"रविवारी दुपारी गाडी निघायच्या आधी दिलं. सोमवारी सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी एक माणूस मला म्हणाला, 'दोन उरल्या.' तेवढ्यात शिपाई आला आणि तो निघून गेला. दोन म्हणजे कोणाच्या, ते तेव्हा कळलं नाही. तेव्हापासून तेच मोजत बसलोय."

बासष्टमधून दोन वजा. साठ. तीस माणसं. ताईंचा गप्प फोन आणि फाटकावरचे दोन शब्द, दोन वेगळ्या वाटांनी आलेला आकडा एकच होता. माझ्या कामात याला खात्री म्हणतात.

६

बुधवारी पावणेनऊला मी मोठ्या डॉक्टरांपुढे बसले होते.

"तीस जणांकडे औषध पोचलंय. शहरातला साठा हलवू नका."

"कशावरून?"

मी कारणं सांगितली. ते मध्येमध्ये आकडे लिहून घेत होते. शेवटी पेन थांबलं. "आणि नेलं कोणी?"

"ते मी विचारलं नाही."

"पण तुम्हाला कळलंय."

"माझ्याकडे रक्ताची नळी येते, सर, तिच्यावर फक्त नंबर असतो. तेवढ्यावर माझं काम भागतं. तुमचंही आज भागेल."

(इथे हे लिहितानाही मी एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. दूध म्हटलं ते दूधच होतं असं समजू नका.)

डॉक्टरांनी टेबलावरचा दुसरा कागद उचलला. काकांनी सकाळीच स्वतःच्या हाताने लिहून दिलेला. 'बाटल्या मी घेतल्या. परवानगी नव्हती.' खाली सही, तारीख, वेळ.

"रविवारी घेतल्या आणि सोमवारी परवानगी आली. एक दिवस थांबला असता तर..." ते बोलायचे थांबले. रविवारी कोणाला माहीत होतं की ती येणार आहे? "याचा निकाल मला द्यावाच लागेल. साथ संपल्यावर देईन. तोवर, गाडी तशीही मंजूर आहे. त्या बाईंच्या औषधाची तिसरी बाटली काढा. आणि काकालाच पाठवा बाटलीबरोबर."

"मीही जाते."

"तुम्ही कशाला?"

"रक्त घ्यायला. मध्ये खंड पडला असेल तर नंतर तुलना करायला आजचा नमुना लागेल."

७

ताईंनी शिक्षिकाबाईंना फोनवर नाक्याची वेळ सांगितली होती. पलीकडच्या टोकाला तापमान तपासण्याची रांग लागते, तिथे या, एवढंच.

रांगेत सगळ्यांचेच चेहरे झाकलेले होते. मी पांढरा कोट घालून तापमापक घेऊन उभी राहिले. नववी बाई आली, हिरवी पिशवी, ठरल्याप्रमाणे. मी मोठ्याने म्हणाले, "बाई, तुमचं जरा जास्त दिसतंय. बाजूला या."

मागची माणसं झटकन चार पावलं सरकली. तापाला सगळे घाबरत होते, म्हणून कधी नव्हे तो आम्हाला आडोसा मिळाला होता. शेडमागे काकांनी बाटली तिच्या हातात दिली.

"किती गोळ्या उरल्यात घरी?" त्यांनी विचारलं.

"पाच. गेल्या आठवड्यापासून एक दिवसाआड घेतेय. पुरवून पुरवून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. नळी भरली.

"असं करायचं नाही, बाई," काका म्हणाले. "आजपासून रोज. उद्या संपणार असली तरी आज घ्यायची."

"आणि संपल्यावर? ही एका महिन्याची. पूल महिनाभरात उघडेल असं लिहून देता?"

त्यांना काहीच लिहून देता येत नव्हतं. ते म्हणाले, "तुमच्या आणखी दोन बाटल्या पुलाच्या या बाजूला आल्यात. तुमच्याच गावाजवळ, एका माणसाकडे. झाकणावर तुमचा नंबर आहे, पण तुम्ही कोण ते त्याला ठाऊक नाही. तुम्ही हो म्हणाल तरच सांगेन. नाही म्हणालात तर दुसरं काहीतरी बघू. काय ते मला आत्ता माहीत नाही."

"तो कोण?"

"तुमच्यासारखाच. तोही रोज घेतो."

ती रस्त्याकडे बघत राहिली. नऊ वर्षं ती शुक्रवारी यायची, तोंड बांधून, पाठ वळवून उभी राहायची. कोणालाही न सांगता तिने नऊ वर्षं काढली होती. शेडच्या पुढे कोणीतरी ओरडलं, "अहो डॉक्टरीणबाई, आम्ही इथेच म्हातारे होणार का?"

तिने बाटली पिशवीत तळाशी घातली, वर वह्या ठेवल्या, आणि पिशवी खांद्याला लावली.

"सांगा त्यांना," ती म्हणाली. "म्हणावं, दार वाजवू नका. मीच बाहेर येईन."